भावजयीचा दोर

घसा बसला की मला कळतं, शिकवण्याचा हंगाम सुरू झाला. पाऊस ओसरतो, दाभोशाच्या धबधब्याजवळच्या कातळावरचं शेवाळ वाळून खरखरीत होतं आणि मी खाली उभा राहून ओरडायला लागतो. पाय बदल. हात एवढा लांब टाकू नको. भिंतीला मिठी मारू नको, ती तुझी कोण लागते? दिवसभर असंच. संध्याकाळी जीपने जव्हारला खोलीवर येतो, बायको काय खाणार म्हणून विचारते आणि मी हातानं खूण करतो. ती म्हणते, "जगाशी भांडायला आवाज असतो, घरात आलं की मुका." तिचं बरोबर आहे, पण तेवढंही कबूल करायला आवाज लागतो.

मी कातळ चढायला शिकवतो. हा धंदा आमच्याकडे कोणाच्या बापानं केला नव्हता. माझा बाप दुसऱ्याच्या नागलीत राबायचा, दुसऱ्याचं भात लावायचा आणि पीक निघालं की दुसऱ्याच्याच खळ्यावर झोडायचा. खोडाळ्याच्या पलीकडे आमचा पाडा. तिथं जमिनीचा तुकडा म्हणून आमचं काही नव्हतं. आईबरोबर मी मोखाड्याच्या आठवडी बाजारात करवंदं घेऊन बसायचो. घासाघीस मी तिथं शिकलो. आई भाव सांगून गप्प बसायची, गिऱ्हाईक निघून जायचं. मग मी त्याच्या मागं धावायचो. दोर, हूक, हेल्मेट, माझ्याकडे जे काही आहे ते मी असंच कोणाच्या तरी मागं धावून, भांडून, तोंड वाजवून मिळवलेलं आहे. फुकट कोणी काही दिलं नाही. जे दिलं पाहिजे होतं, तेही नाही.

ते काय, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी पुढं सारखा चिडलेला का दिसतो ते कळणार नाही. तरुण असताना मी मुंबईच्या एका गिर्यारोहण क्लबच्या सामानाच्या पिशव्या वाहायचो. धबधब्याशेजारची ती उंच भिंत सगळ्यांना दिसत होती, पण तिच्यावरून वाट कुठून जाते ते कोणाला कळत नव्हतं. ती मी शोधली. वरून लोंबकळून फटींतली झुडपं काढली, हलणारे धोंडे ढकलून दिले, कुठं हात बसतो, कुठं पाय ठरतो ते बघून ठेवलं. खालून पहिल्यांदा चढायचा दिवस आला तेव्हा क्लबचे सर म्हणाले, "तू बिलेला थांब. तुझ्यावर आमचा भरवसा आहे."

बिले म्हणजे खाली उभं राहून दोर धरणं. पुढे चढणारा दोर आपल्याबरोबर वर नेतो, भिंतीत ठोकलेल्या बोल्टांत अडकवत जातो. खालचा त्याला लागेल तसा दोर सोडतो आणि तो पडला तर धरतो. जीव खालच्याच्या हातात असतो, नाव वरच्याचं होतं. मी भरवशाचा माणूस होतो, म्हणून खाली थांबलो. सर वर गेले, वरून हात हलवला, फोटो निघाला. आजही ती वाट त्यांनी काढली असंच सगळीकडे सांगतात. मी हे विसरलो नाही आणि विसरणारही नाही.

तर, त्या क्लबची शिबिरं अजून दर हिवाळ्यात दाभोशाला होतात. जेवण, तंबू, माणसं मी पुरवतो. शिकवायला मात्र ते मुंबईहून आपलीच मुलं आणायचे. माझ्या डोक्यात होतं, आपली माणसं शिकवतील. पाड्यावरची चार पोरं-बाया तयार करायच्या. दिवाळीनंतर मुकादमाची जीप येते आणि अर्धे पाडे वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात, घरांना नुसत्या काटक्या लावून. त्याऐवजी इथंच काम मिळालं तर काय वाईट?

शिकायला बरेच आले आणि बरेच गेले. एकाला ठाण्यात वॉचमनचं काम लागलं, एकाला बायकोनं येऊ दिलं नाही, एक नुसता हेल्मेट घालून मोबाइलमध्ये फोटो काढायला यायचा; त्याला मीच हाकलला. शेवटी दोघं उरली. एक माणूस, चाळिशीकडे झुकलेला, शिबिरात पाण्याचे हंडे वाहणारा, कमी बोलणारा, हाताचा पक्का. दुसरी त्याची भावजय, धाकट्या भावाची बायको. भाऊ वसईला रेतीच्या गाडीवर होता, सणाला यायचा. घरात म्हातारी सासू आणि हिची शाळेत जाणारी मुलगी. थोरल्याची बायको मागंच वारली होती.

ती शिकायला आली तेही माझ्या तोंडामुळे. पाऊस ओसरल्यावर एका कॉलेजचं छोटं शिबिर होतं, तिथं स्वयंपाकाला लाकडाचा भारा घेऊन आली होती. शिबिरातली एक मुलगी भिंतीवर अडकून रडत होती, ते बघून ही हसली. माझं डोकं फिरलेलंच होतं. म्हटलं, "हसतेस काय? चढून दाखव." तिनं भारा टाकला, पदर खोचला आणि वर गेली. बरीच वर गेली. आणि मग खाली येता येईना. भिंतीला पालीसारखी चिकटून तिथून मला शिव्या घालायला लागली. "ओ दादा, तुमचा मुडदा बसवला! मना वर पाठवलं, आथा खाली कोण नेल?" एकेक पाय कुठं ठेवायचा ते सांगत तिला उतरवली. भारा उचलून गेली ती मागं न बघता. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. म्हणाली, "चढायला येतं. उतरायचं शिकवा."

अशी बाई शिकते. मला तेव्हाच कळलं होतं.

दोघंही वेगवेगळी माझ्याबरोबर चढायची तोवर सगळं ठीक होतं. मी खाली दोर धरायचो, ती चढायची. मग तो चढायचा. पण मी दोर धरला म्हणजे ती शिकली असं होत नाही. मला मुळात हेच पटत नाही. क्लबवाल्यांनी मला वर्षानुवर्षं असंच शिकवलं: वरून दोर ताणून धरायचा, माणूस निम्मा त्या दोरानंच वर जातो आणि त्याला वाटतं आपण चढलो. मी माझ्या माणसांना तसं शिकवणार नव्हतो. दोघांनी एकमेकांचा दोर धरायचा, एकमेकांच्या भरवशावर चढायचं, मी घरी झोपलेलो असलो तरी. तेव्हाच ते काम त्यांचं.

पहिल्या दिवशी दोघांना एका दोरात बांधलं. ती चढायला लागली. पहिला बोल्ट आला. दोर अडकवायचा तर खालून थोडा सैल मिळायला हवा. मिळेना. ती तशीच एका हातावर उभी. मी म्हटलं, "अगं, दोर माग की!"

ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "दादा, त्यांना सांगा दोर सोडा म्हणावं."

"मी कशाला सांगू? तो काय बहिरा आहे?"

"सांगा ना. हात दुखतो."

मी खाली बघतो तर हा गडी जमिनीकडे बघतोय. मान खाली, दोर हातात, जणू मातीत काही सांडलंय. मी ओरडलो, "वर बघ! चढणाऱ्यावरची नजर काढायची नाही, किती वेळा सांगितलं?"

तो तसाच मान खाली घालून म्हणाला, "कसा बघू दादा? ती धाकट्याची बाय हाय."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या घरांत थोरल्या दिराशी धाकट्याची बायको समोरासमोर बोलत नाही. त्याला काही सांगायचं असलं तर सासूला सांगते, पोराला सांगते, कोणी नसलं तर चुलीकडे बघून बोलते आणि तो ऐकतो. आणि तोही तिच्या तोंडाकडे बघत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही, माझ्या आईनंही जन्मभर असंच केलं. पण कातळाच्या पायथ्याशी हे आडवं येईल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. खाली थोरला दीर उभा, वर त्याची भावजय, अंगात ट्रॅकपँट, आणि मी त्याला सांगतोय, नजर काढू नको. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं असणार.

त्या दिवशी मी मधे राहिलो. ती मला सांगायची, मी त्याला सांगायचो. "दोर दे." "ओढून धर." "पोचली, सोड." वरून तिचं बोलणं, खाली माझं. दिवस संपेपर्यंत मला वाटायला लागलं, मी शिकवणारा नाही, टपालवाला आहे. आणि हे एका दिवसाचं नव्हतं. आठवडे गेले तसेच.

गंमत म्हणजे तो न बघताही बराचसा बरोबर चालायचा. दोर हातातून कसा सरकतो यावरून त्याला कळायचं ती कुठं आहे. खालच्या सरळ कातळावर ते चालून जायचं. पण उंच भिंतीवर अर्ध्यात पोटासारखा एक फुगवटा आहे. चढणारा तो ओलांडून गेला की दोर दगडावर घासतो, खालच्या हाताला काही कळत नाही. तिथं दोनच गोष्टी कामाला येतात. खालच्यानं चार पावलं मागं सरून मान वर करणं, आणि वरच्यानं ओरडणं. या दोघांना दोन्ही जमत नव्हतं.

त्यातच क्लबचे सर आले. आता केस पांढरे झालेत, पण चालणं तसंच, जणू जमीन त्यांच्याच नावावर आहे. मी त्यांना सांगितलं, या वर्षी शिबिराला शिकवायला मुंबईची मुलं आणू नका, माझी जोडी आहे.

सर दोघांचं चढणं बघत उभे राहिले. मी अर्थातच मधे होतो. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "छान चढतात. पण तू नसलास तर चढतील का?"

मला याचा राग आला, कारण प्रश्न बरोबर होता.

"चढतील."

"मग उंच भिंत चढून दाखवू देत. तू तिथं नको. तुझा आवाजही नको."

"एवढंच? मग माझ्याही अटी आहेत," मी म्हटलं. "पहिली, सकाळी चढतील, भिंत सावलीत असताना. दुपारी तुमच्या मुलांना चढवता का तापलेल्या दगडावर?"

"बरं, सकाळी."

"दोर आमचा."

"आमचा नवीन आहे."

"नवा असेल. त्यांच्या हाताला आमचा माहीत आहे."

"चालेल बाबा."

"खाली तुम्ही एकटे. पोरांची गर्दी नको, कॅमेरा नको. आणि मी नदीच्या पलीकडच्या काठावर बसणार. दिसेल, ऐकू जाणार नाही."

सर हसले. "अजून तसाच आहेस. भाजी बाजारात असल्यासारखा."

"भाजी बाजारातच वाढलो, सर," मी म्हटलं. "तुम्ही विसरला असाल."

ते जिंकायचं म्हणून जिंकलं, पण मनातून मी हरलेला होतो. मुकादम पाड्यावर येऊन गेला होता. म्हातारीनं त्याला चार दिवस थांब म्हणून सांगितलं होतं. त्याला 'येतो' म्हणून उचल घेतली की मागं फिरता येत नाही. काम मिळालं तर ही सगळी घरी राहणार आणि मुलीची शाळा चालू राहणार. नाही मिळालं तर मुलगी यंदाही पावसाळा येईपर्यंत भट्टीवर विटा उलट्या-पालट्या करणार, आणि परत आल्यावर शाळेत तिच्यापेक्षा लहान पोरांत बसणार. हे सगळं एका बाईनं एका माणसाला मोठ्यानं हाक मारण्यावर येऊन थांबलं होतं.

मी सगळे उपाय केले. समजावून सांगितलं. दोराला झटके देऊन खुणा करायला शिकवल्या. फुगवट्यावर घासून झटके खालपर्यंत पोचेनात. मग चिडलो. एक दिवस हेल्मेट फेकलं, ते गडगडत नदीच्या कडेला गेलं आणि मलाच आणायला जावं लागलं. परत येईपर्यंत दोघं माझी वाट बघत बसली होती, एकमेकांकडे पाठ करून.

"अरे, मेली तर लाज घेऊन काय करशील?" मी त्याला म्हटलं.

तो म्हणाला, "दादा, तुम्ही जव्हारला जाता संध्याकाळी. आम्हांला पाड्यावर राहायचंय."

मला वाटलं, म्हातारी अडवत असणार. गेलो तिच्या घरी. अंगणात ती नागली पाखडत होती. मी भांडायच्या तयारीनंच बसलो. सगळं सांगितलं. म्हटलं, "आजी, तुम्ही एकदा बोला म्हणून सांगा, म्हणजे सुटेल हे."

तिनं सूप खाली ठेवलं. "मी कधी अडवलं? बोलू दे की. भट्टीवर सगळी एका रिंगणात बसून विटा पाडतात तेव्हा कोण कोणाची लाज धरतं? तिथं एका झोपडीत सगळी झोपतात." मग पुन्हा सूप उचलून म्हणाली, "मी सांगून जीभ सुटते कं? ती तिची हाय."

घासाघीस करायला समोरच्यानं नकार तरी द्यावा लागतो. म्हातारीनं तोही दिला नाही.

त्या सकाळी मी नदीच्या पलीकडे एका धोंड्यावर बसलो. धबधब्याला अजून पाणी होतं, त्याच्या आवाजात स्वतःचं खोकणंही ऐकू येत नव्हतं. समोर भिंत, खाली तीन माणसं, बोटाएवढी. सर हाताची घडी घालून. थोरला दोर मोकळा करताना. ती हेल्मेटचा पट्टा लावताना. रात्री झोप झालेली नव्हती, अंग दुखत होतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या जिवाचा दोर धरून खांदे आता वर जात नाहीत. मला वाटलं, ही शेवटची जोडी. झालं तर झालं, नाही तर आपण जेवणाचं बघू, तंबू ठोकू, बास.

ती निघाली. चांगली निघाली, घाई न करता, पाय ठरवून. खालचे बोल्ट एकामागून एक गेले. थोरल्याची मान खाली, पण दोर वेळेवर जात होता. फुगवट्याखाली ती थांबली, हात झटकले, ते मी तिला शिकवलं आहे. मग दोन्ही हात वर टाकून पाय उचलला आणि पोटावरून पलीकडे गेली. आता खालून ती दिसत नव्हती. मला पलीकडून दिसत होती.

फुगवट्याच्या वरचा बोल्ट तिच्या डोक्याच्या जरा वर आहे. एका हातावर राहून दुसऱ्या हातानं दोर ओढून तिथं अडकवायचा. तिनं दोर ओढला. तो आला नाही. पुन्हा ओढला. दोर ताठ. खाली थोरला मान खाली घालून उभा, त्याला वाटलं असेल ती थांबली आहे, म्हणून त्यानं जपून धरून ठेवलेला. तिचा धरलेला हात आता लटपटायला लागणार हे मला इकडून कळत होतं. दोर न अडकवता पडली तर फुगवट्यावर आदळणार. मी उभा राहिलो. तोंड उघडलं. नदीपलीकडे काय ऐकू जाणार? तरी ओरडलो असतो, पण घसा पूर्ण बसला होता, नुसती हवा निघाली.

आणि तेवढ्यात खालच्या बोटाएवढ्या माणसाची मान झटक्यानं वर झाली. तो मागं सरकला, अजून मागं सरकला, आणि तोंड वर करून सरळ तिच्याकडे बघायला लागला. दोर सैल पडला. तिनं तो ओढला, बोल्टात अडकवला, आणि दगडाला कपाळ टेकून थोडा वेळ तशीच राहिली.

त्यानंतर त्याची मान खाली गेली नाही. ती कपारीवर पोचली, स्वतःला बांधलं, हात हलवून काहीतरी म्हणाली, यानंही हात हलवला. मग तो चढला आणि ती वरून त्याचा दोर धरून वाकून बघत राहिली. मी पुन्हा धोंड्यावर बसलो. आनंद वगैरे झाला म्हणता येणार नाही. ओझं उतरवल्यावर खांद्याला जे होतं, तेवढं झालं.

नदी ओलांडून मी पोचेपर्यंत ती दोघं मागच्या वाटेनं उतरली होती. सर खूश होते. मी विचारलं, "काय झालं वर? काय ओरडली ती?"

सर हसतच होते. "अरे, काय आवाज! मी दचकलो. म्हणते, 'अवो, तुमची लाज राहील आणि माझा जीव जाईल! वर बघा आन दोर सोडा!'"

मी तिच्याकडे बघितलं. ती बाटलीतून पाणी पीत होती. थोरला कानापर्यंत लाल, पण हसत. म्हणाला, "सगळ्या दाभोशाला ऐकू गेलं असंल."

"मग ऐकलंत तर बरं झालं," ती म्हणाली. त्याला म्हणाली, मला नव्हे. सरळ त्याच्याकडे बघून. मी मधे उभा होतो आणि कोणी मला काही सांगितलं नाही.

चहा आला. सर आता तंबूंकडून आलेल्या आपल्या मुलांना भिंतीकडे हात करून सांगायला लागले, "ही वाट आम्ही काढली तेव्हा इथं काही नव्हतं."

"झुडपं कोणी काढली तेही सांगा की, सर," मी म्हटलं. बसक्या आवाजात जेवढं जमलं तेवढं.

"अरे, तुझ्याशिवाय झालं असतं का!" ते म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. इतकी वर्षं मला हीच थाप मिळते. त्यात सगळं येतं आणि काहीच येत नाही. मी चहा ओतून दिला.

मग कामाची बोलणी निघाली. मी पुढं सरसावलो. माझं डोक्यात तयार होतं: पुऱ्या हंगामाची बोली, बाजाराच्या दिवशी सुट्टी, शिकवणाऱ्यानं कोणाचं सामान उचलायचं नाही, पाणी भरायचं नाही. मी तोंड उघडणार तोच थोरला म्हणाला, "दादा, तुम्ही बसा. आमचं आम्ही बोलतो."

मी बसलो.

बोलली तीच. मुलीच्या शाळेच्या वेळेआधी काम सुरू करायचं नाही. ते तिनं सोडलं नाही, सरांनी दोनदा विचारलं तरी. हंगामाचं कबूल करून घेतलं. पण सर म्हणाले की सकाळी कातळापाशी पाण्याचे दोन कॅन आणावे लागतील, आणि थोरला सरळ म्हणाला, "आणू की." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शिकवणारा माणूस पाणी का वाहील? मी असतो तर ते कधीच मान्य केलं नसतं. मी खुणेनं नको नको केलं. तिनं बघितलं आणि हळूच मान हलवली, राहू द्या अशी.

वाटेत मी ते बोललोच. "कॅन कशाला कबूल केले? एकदा हंडा डोक्यावर घेतला की मग तोच राहतो. माझं काय झालं बघितलं नाही?"

"दादा, पाण्याशिवाय पोरं चढतील कशी?" थोरला म्हणाला.

"ते आणतील त्यांचे!"

"तुमचं तुम्हांला बरोबर," ती म्हणाली. "आम्हांला भट्टीवर जायचं नाय, ते झालं. पाण्याचं पुढं बघू."

मुकादमाची जीप त्या आठवड्यात पाड्यावरून गेली, बाकीच्या घरांची माणसं घेऊन. यांच्या दारासमोर थांबली, हॉर्न वाजवला आणि म्हातारीनं नुसता हात हलवला.

शिबिर सुरू झाल्यावर मी एका सकाळी जेवणाचं सामान घेऊन गेलो. ती माझ्याकडे दोराची गुंडाळी घेऊन आली, नीट वळलेली. "दादा, हा तुमचा. क्लबचा मिळतो आता."

मी उसळलो. "क्लबचा? क्लबचे दोर किती वर्षांचे असतात माहीत आहे? डोळे झाकून घेतला?"

"हातातून काढून बघितला सगळा. एका जागी मऊ लागला, तो परत दिला. दुसरा आणला."

"आणि हूक?"

"त्यांना विचारा." तिनं थोरल्याकडे मान केली, मग कातळावरून त्यालाच मोठ्यानं हाक मारली, "अवो, दादा विचारतात हूक बघितले कं?"

"बघितले!" तो पायथ्याशी एका पोराच्या कंबरेचा पट्टा आवळत होता, तिथूनच ओरडला, आणि पुन्हा त्या पोराकडे वळला.

मी म्हटलं, चहा घेऊन जा. ती म्हणाली, नको, वर एक मुलगी अडकली आहे, आणि गेली. मी दोर खांद्यावर टाकला, तांदळाची गोणी तंबूत ठेवली आणि जव्हारच्या जीपची वाट बघत रस्त्याला बसलो. खालून तिचा आवाज येत होता. पाय बदल, म्हणत होती. थोडा वेळ ऐकला. मग जीप आली आणि पुढं जागा नव्हती म्हणून ड्रायव्हरशी भांडून मी पुढंच बसलो.